आत काय आहे?

आज पदवी घेणाऱ्या तरुण अग्निशमन अधिकाऱ्यांनो,

या मैदानावर तुम्हाला धावायला शिकवलं. घंटा वाजली की बूट, हेल्मेट, बेल्ट, आणि मिनिटाभरात बंब फाटकाबाहेर. ती सवय जन्मभर ठेवा. मी मात्र आज अशा वर्दीबद्दल बोलणार आहे, जिच्यावर धावत पोहोचायचं आणि पोहोचल्यावर थांबायचं. रसायनाची वर्दी. गळकी टाकी, उलटलेला टँकर, रस्त्यावर पसरलेला कसला तरी उग्र वास. तिथे अधिकाऱ्याच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न एकच असला पाहिजे: आत काय आहे?

१४ एप्रिलला तुम्ही दरवर्षी हुतात्मा जवानांना मानवंदना देता. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज उभं होतं. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. जहाजाच्या पोटातल्या दोन नंबरच्या होल्डमध्ये तर दोन्ही एकत्र भरलं होतं. स्फोटकं वाहणाऱ्या जहाजावर लाल बावटा असायला हवा, तो नव्हता. दुपारी धूर दिसला, बंब आले, आणि आगीचं मूळ कुठे आहे हे न कळता जवान होल्डमध्ये पाणी ओतत राहिले.

पुढचा भाग नीट ऐका. आत स्फोटकं आहेत हे जागेवरच्या अधिकाऱ्यांना नंतर कळलं होतं. जहाज गोदीबाहेर न्यायचं, जागीच बुडवायचं की पाणी मारत राहायचं, यावर जहाजाचे, गोदीचे, लष्कराचे लोक बोलत राहिले. अंतिम शब्द कुणाचा, हेच ठरलं नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या धैर्यात तसूभर उणीव नव्हती. त्यांना वेळेवर माहिती देणारं आणि वेळेवर मागे बोलावणारं कुणी हवं होतं. उद्या ते ‘कुणी’ तुम्ही असणार आहात. ‘मागे या’ हा हुकूम ‘पुढे चला’ इतक्याच खणखणीत आवाजात देता आला पाहिजे.

आज माहिती मिळवायचे मार्ग आहेत. टँकरवरची पाटी दुर्बिणीतून वाचता येते. तिच्यावरचा क्रमांक १०१७ म्हणजे क्लोरीन, १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ म्हणजे पेट्रोल. पाटीवरच्या आपत्कालीन संकेतातला पहिला आकडा काय वापरायचं ते सांगतो: दोन असेल तर पाण्याचा बारीक फवारा, तीन असेल तर फोम, चार असेल तर पाणी लावायचंच नाही. शेवटी ‘ई’ असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार लगेच करायचा. चालकाच्या केबिनमध्ये मालाची माहिती देणारं ट्रेम कार्ड असतं. पण चालक बेशुद्ध आहे, कार्ड केबिनमध्ये अडकलंय आणि लोक कॅन घेऊन गळतं तेल भरायला धावतायत, हे आपल्या महामार्गांवरचं नेहमीचं दृश्य आहे. म्हणून बंब लांब, वारा पाठीशी घेऊन आणि उंचावर उभा करायचा, गर्दी मागे हटवायची, आणि मग वाचायचं.

क्लोरीनचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातल्या बहुतेकांच्या हद्दीत तो असेलच. कुठल्याही शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचे मोठे पिवळे सिलिंडर, म्हणजे टनर, आडवे ठेवलेले असतात. एकेकात सुमारे ९०० किलो द्रव क्लोरीन. तो बाहेर पडला की साडेचारशे पटींहून अधिक फुगून वायू होतो, आणि हवेपेक्षा अडीच पट जड असल्याने नाल्यातून, उतारावरून, खालच्या वस्तीत शिरतो. आपला हात सवयीने होजकडे जातो. पण गळत्या टनरवर पाणी मारलं की तिथे आम्ल तयार होतं आणि तेच आम्ल धातू खाऊन भोक मोठं करतं. पाणी दूर ठेवायचं.

गळती थांबवायला आत दोघेच जातात. दोघांचेही सूट वायुरोधक, आत श्वसनासाठी बी.ए. सेट. तेवढ्याच तयारीची दुसरी जोडी बाहेर उभी, आणि फळ्यावर आत गेल्याची वेळ लिहिलेली. सेटचा हवेचा सिलिंडर पंचेचाळीस मिनिटांचा म्हणतात, पण जाणं, परतणं, धुऊन घेणं यांतून हाताला काम करायला त्याच्या निम्मा वेळही मिळत नाही. सूटमध्ये ऐकू नीट येत नाही, काच धुरकटते, घाम डोळ्यांत उतरतो. अशात पहिला माणूस अमोनियाच्या द्रावणात भिजवलेली चिंधी काठीला बांधून व्हॉल्व्हभोवती फिरवतो. जिथे गळती, तिथे पांढरा दाट धूर उठतो. मग टनर असा फिरवायचा की भोक वरच्या बाजूला येईल. खाली असेल तर द्रव वाहतो, वर आलं तर फक्त वायू सुटतो. एवढ्याने गळती कितीतरी कमी होते. त्यानंतर गळती रोखायच्या किटमधलं टोपण व्हॉल्व्हवर बसवून आवळायचं. बाहेर आल्यावर सूटची चेन उघडायची घाई नको. आधी शॉवर, मग ब्रशने बुटांचे तळ, बगलांच्या घड्या. मास्क सगळ्यात शेवटी.

ही रीत क्लोरीनची झाली. शीतगृहातल्या अमोनियाची वेगळी. तिथे वाऱ्याच्या दिशेला फवाऱ्याचा पडदा धरला तर पाणी वायू शोषून घेतं, पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर तेच पाणी पडलं तर तो उकळून ढग वाढतो. एलपीजीच्या टाकीला ज्वाळा चाटत असतील तर मुबलक पाणी हवं. ते मिळत नसेल तर माणसं मागे घ्यायची. १९७३ साली अमेरिकेत किंगमन गावी प्रोपेनचा रेल्वे टँकर असाच फुटला आणि ११ अग्निशामक दगावले.

तुम्ही माहिती काढत उभे असाल तेव्हा मागे गर्दी ओरडत असेल, कॅमेरे रोखलेले असतील, कुणी लोकप्रतिनिधी विचारेल, ‘साहेब, नुसते उभे का?’ त्या मिनिटांत खांदे ताठ ठेवून उभं राहणं मला होज धरण्याहून कठीण वाटतं. मात्र ती मिनिटं रिकामी जाऊ देऊ नका. वस्ती वाऱ्याला आडव्या दिशेने हलवा, रुग्णालयाला रसायनाचं नाव कळवा. भोपाळच्या वायुगळतीत २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री हजारो माणसं डोळे चोळत, धापा टाकत दवाखान्यांत पोहोचली, आणि आपण कोणत्या विषावर उपचार करतोय हे डॉक्टरांना नीट सांगणारं कुणी नव्हतं. कारखान्याच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. ते नाव आतल्या लोकांना ठाऊक होतं.

म्हणून तुमच्यातले जे कंपन्यांत सुरक्षा अधिकारी होणार आहेत, त्यांच्याशी मला थोडं कडक बोलायचं आहे. भोपाळनंतर कारखाने कायदा बदलला. धोक्याची माहिती उघड करणं १९८७ पासून बंधनकारक झालं. १९८९च्या नियमांनी कारखान्याच्या आतल्या आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा सक्तीची केली. ही तालीम फोटो काढून फाइलला लावण्यापुरती होते, हे मी पाहिलं आहे आणि त्याचा मला संताप येतो. साठा मंजुरीपेक्षा जास्त आहे म्हणून आकडा लपवला, तर रात्री फाटकावर येणाऱ्या जवानाशी तुम्ही खोटं बोललात. फाटकाच्या आत टाक्यांचा नकाशा आणि आजचा साठा लिहिलेला कागद ठेवा. मालकाची नाराजी पत्करून ठेवा.

आणि जे दलात जाणार, त्यांनी पहिल्याच महिन्यात आपल्या हद्दीतल्या कारखान्यांची, शीतगृहांची, पाणीपुरवठा केंद्रांची यादी करावी. प्रत्येक ठिकाणी स्वतः जावं. टनर किती, किट कुठे, ते शेवटचं कधी उघडलं, त्याचा वॉशर वाळलाय का, हे हाताने तपासावं. रात्रपाळीच्या ऑपरेटरशी ओळख करावी. व्हॉल्व्हचा स्वभाव त्याला माहीत असतो. त्याचा मोबाइल नंबर कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावा आणि तो बदलला की नाही हे दर महिन्याला फोन करून पाहा.