परागंदा व्हायलाही ऐपत लागते
(१७ सप्टेंबरच्या निमित्तानं जालन्यात केलेलं भाषण)



सकाळी झेंडा झाला, बँड झाला, पेढेही वाटले. मराठवाडा मुक्त झाला त्याचा दिवस. आपणही पेढा खाल्ला. आता विचारू या, मुक्त झालं कोण?

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौज निजामाच्या हद्दीत शिरली. दोन दिवसांत जालना पडलं. १७ ला निजामानं हात टेकले, लायक अलींचं मंत्रिमंडळ गेलं आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. तिकडं दिल्लीत बाबासाहेबांची घटना कलमाकलमानं तयार होत होती. इकडं १९४९ च्या डिसेंबरपर्यंत लष्करी अंमल. शाळेच्या पुस्तकात हे पंधरा महिने एका ओळीत उरकतात.

गादीवरनं उतरलेल्यांचं काय झालं? पंतप्रधान लायक अली नजरकैदेत होते. मार्च १९५० मध्ये पसार झाले ते थेट पाकिस्तानात. पुढं १९६२ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं, हैदराबादची शोकांतिका म्हणून. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी, लातूरचा वकील. तो १९५७ ला तुरुंगातून सुटला, पाकिस्तानात गेला, १९७० ला कराचीत मेला. आणि ज्याच्यापासून आपण मुक्त झालो तो निजाम? तो २६ जानेवारी १९५० ला राजप्रमुख! १९५६ पर्यंत. हसू नका, इतिहास आहे हा.

आता आपलं. हे बोलायला जड जातं, पण आपल्याच माणसांसमोर नाही तर कुठं बोलायचं? लायक अलींच्या मंत्रिमंडळात बी. एस. व्यंकटराव होते, आपले. युनोत निजामाची बाजू मांडायला गेलेल्या शिष्टमंडळात श्यामसुंदर होते, औरंगाबादचा जन्म, तेही आपले. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढं हैदराबादचं प्रकरण निघालं, तेव्हा जालना आधीच पडलेलं होतं. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच पत्रक काढून बजावलं होतं, निजामाच्या नादी लागू नका. तरी काही लोक गेले. का गेले? कारण गावात पाटलाचा जोडा रोजचा होता आणि निजामाचं सरकार पडीक जमिनीचा तुकडा दाखवत होतं. भुकेला माणूस तुकडा कोणाच्या हातातला आहे ते बघत नाही. चूक म्हणा. मी चूकच म्हणतो. पण पाटलानं ती चूक म्हणायची नाही.

श्यामसुंदर परत आले, १९६८ साली त्यांनी गुलबर्ग्यात भीमसेना काढली. खेड्यातला महार-मांग कुठून परत येणार? तो गेलाच नव्हता. विमान नाही, कराची नाही. वेशीबाहेरचं घर, तिथंच.

रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली. ते कुणी झाकू नये. पण ‘ॲक्शन’नंतर काय झालं तेही झाकू नये. सुंदरलाल समितीनं १९४८ च्या अखेरीस गावोगाव फिरून लिहिलं, सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान. तो अहवाल पासष्ट वर्षं दडवला. आणि आपली झोपडी? माझी आजी तेव्हा दहा वर्षांची होती, जालना तालुक्यातल्या एका खेड्यात. ती म्हणायची, “अ‍ॅक्शन झाली अन् पाटील म्हनला, तुमचा निजाम गेला, आता रान सोडा.” रझवीला जायला दुसरा देश होता. आजीच्या बापाला शेजारचं गावही घेत नव्हतं. रान सोडलं, येसकरी चालू राहिली.

लष्करी सरकारनं ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या मोडल्या. मोठं काम, नाकारत नाही. पण जहागीरदार गेला आणि चावडीवर बसणारा तोच राहिला. म्हणून तर १९५३ ला मराठवाड्यातल्या भूमिहीनांना पडीक जमिनीसाठी सत्याग्रह करावा लागला, मुक्तीनंतर पाचच वर्षांनी. १९७८ ला नामांतराच्या नावानं घरं जळाली, तेव्हा गायरान कसणाऱ्यांवरचा रागही त्यात होता.

२०२२ साली पुन्हा गायरानाच्या नोटिसा आल्या. तुम्ही शहरात राहता, पण नोटीस गावातल्या आजोबाच्या नावानं आहे आणि त्याला ती वाचता येत नाही. १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या ताब्याचा कागद लागतो. दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, जुन्या केसची कागदपत्रं, जे असेल ते. पत्र्याच्या पेटीत शोधा. रविवारी ते घेऊन इथंच बसू, झेरॉक्सचा खर्च वर्गणीतून करू.