गुणसूत्रांवरील पट्टे

पेशीच्या केंद्रकांतील ज्या सूक्ष्म तंतूंना मराठींत गुणसूत्रें म्हणतात, त्यांना १८८८ सालीं वाल्डायर ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें दिलेल्या नांवाचा मूळ ग्रीक अर्थ 'रंगीत पिंड' असा आहे. नांव असें असलें तरी त्यांना स्वतःचा रंग नाहीं. रंग पाजावा तेव्हांच तीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दिसूं लागतात. म्हणून ह्या शास्त्राची प्रगति थोडीबहुत रंगाऱ्याच्या हातांतून झाली आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रें किती, हा साधा प्रश्न. परंतु तीस वर्षें त्याचें उत्तर ४८ असें चुकीचें दिलें जात होतें. कारण गुणसूत्रें एकमेकांवर पडून त्यांचा गुंता होई. १९५२ सालीं अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं टी. सी. शू ह्या शास्त्रज्ञाच्या पेशी चुकून पातळ झालेल्या खाऱ्या द्रावणांत धुतल्या गेल्या. पेशींत पाणी शिरून त्या फुगल्या आणि गुणसूत्रें सुटीं सुटीं झालीं. ह्याच युक्तीच्या साह्यानें जो हिन चिओ व आल्बर्ट लेवान ह्यांनीं स्वीडनमध्यें १९५६ सालीं खरी संख्या ४६ असल्याचें प्रसिद्ध केलें.

आजहि ही कृति त्याच पायावर चालते. रक्त गोठूं नये म्हणून हेपॅरिन घातलेल्या नळींत तें घेतात. तांबड्या पेशींत केंद्रक नसतें. सारी भिस्त पांढऱ्या पेशींवर. त्या स्वस्थ असतात, म्हणून राजम्याच्या दाण्यांतून काढलेलें एक द्रव्य पोषक द्रवांत मिसळून त्यांना विभाजनास प्रवृत्त करितात आणि ३७ अंश उष्णतेंत ७२ तास ठेवितात. रक्ताच्या कर्करोगांत मात्र अस्थिमज्जेंतील पेशी घेतात. त्यांना असल्या उत्तेजनाची गरज नसते. शेवटीं कॉल्चिसीनच्या जातीचें औषध घालून विभाजन मध्येंच थांबवितात, कारण त्याच क्षणीं गुणसूत्रें आंखूड व सुस्पष्ट असतात. नंतर लिटरभर पाण्यांत सुमारें ५.६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवून केलेल्या द्रावणांत पेशी फुगवितात, आणि तीन भाग मिथेनॉल व एक भाग अॅसेटिक आम्ल ह्यांच्या ताज्या मिश्रणांत त्या स्थिर करून तें मिश्रण अनेकदां बदलतात.

ह्यापुढें थेंब कांचपट्टीवर सोडावयाचा. काम दिसावयास सोपें, परंतु येथें हवेचें राज्य चालतें. कोरड्या हवेंत थेंब झटकन वाळला तर गुणसूत्रें पसरतच नाहींत. दमट हवेंत फार सावकाश वाळला तर तीं इतस्ततः विखुरतात, आणि कोणतें कोणत्या पेशींतील हें कळेनासें होतें. चांगली साधलेली पट्टी कांहीं दिवस तशीच, किंवा सुमारें ६० अंश उष्णतेंत रात्रभर ठेवून मुरूं देतात.

मग येतो खऱ्या कसोटीचा क्षण. पट्टी ट्रिप्सिनच्या द्रावणांत बुडवितात. स्वादुपिंडांतून स्रवणारें हें पाचक द्रव्य गुणसूत्रांवरील प्रथिनांचा कांहीं अंश खाऊन टाकतें. हा व्यवहार कित्येकदां कांहीं सेकंदांचाच असतो. तो अपुरा राहिला तर सर्व गुणसूत्र एकसारखें रंगतें; अधिक झाला तर तें फुगून विरल्या कापडासारखें धूसर होतें. त्यानंतर गीम्साचा रंग. हिंवतापाचे जंतू पाहण्यासाठीं हांबुर्ग येथील गुस्ताव गीम्सानें ह्या शतकाच्या मागील शतकारंभीं सिद्ध केलेला हा रंग भारतांतील प्रयोगशाळांना चांगला परिचित आहे. तो बसला म्हणजे गुणसूत्रावर काळसर व फिकट असे आडवे पट्टे उमटतात. ट्रिप्सिनची ही सोपी रीत १९७१ सालीं इंग्लंडांत मरीना सीब्राइट ह्यांनीं प्रसिद्ध केली.

ह्या पट्ट्यांचें महत्त्व काय? त्यांच्यापूर्वीं गुणसूत्रें लांबी व कमरेची जागा पाहून सात गटांत लावीत; एका गटांतील भावंडें ओळखूं येत नसत. १९६० सालीं फिलाडेल्फिया येथें रक्ताच्या एका जुनाट कर्करोगांत एक फार आंखूड गुणसूत्र आढळलें. त्याचा तुकडा नाहींसा झाला, एवढेंच वाटलें. पुढें शिकागो येथील जॅनेट रौली ह्या विदुषीनें पट्टे उमटलेल्या गुणसूत्रांचीं छायाचित्रें कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवावयास घेतलीं. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, अशी मुलें थट्टा करीत. त्या खेळांतून १९७३ सालीं सिद्ध झालें कीं, तुकडा हरवलेला नव्हता. बावीसाव्या गुणसूत्रावरून सुटून तो नवव्याला जाऊन चिकटला होता. ह्या अदलाबदलींतून जें विकृत प्रथिन निपजतें, त्यालाच रोखणारें इमॅटिनिब हें औषध २००१ सालीं अमेरिकेंत संमत झालें, आणि जो रोग कांहीं वर्षांत प्राण घेई तो पुष्कळांच्या बाबतींत रोजच्या गोळीनें आवरतां येऊं लागला.

म्हणून प्रयोगशाळेंतील त्या सेकंदांची किंमत लहान नाहीं. पट्टे धूसर आले तर अस्थिमज्जा पुन्हा काढावी लागते. वेदना रोग्याच्या वांट्यास येतात, आणि दिवसहि त्याचेच जातात. नमुना हातांत घेणाऱ्यास रोग्याचा चेहरा बहुधा कधींच दिसत नाहीं. परंतु त्यानें घड्याळाकडे ठेवलेली नजर आणि बदललेलें ताजें मिश्रण, ह्यांवरच त्या अनोळखी माणसाचें निदान उभें असतें.