हौदात कोणता मासा सोडावा?

आम्ही बचत गटाच्या बायका आज माशांबद्दल बोलणार आहोत. कालवणातल्या नव्हे, हौदातल्या.

आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळे दारोदार सिमेंटचा हौद, न्हाणीत पिंप, गोठ्यापाशी गुरांचं टाकं. आशाताई येऊन सांगतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, साठवलेलं पाणी ओतून टाका. त्यांचं बरोबरच आहे. पण जिला हौद हंड्याहंड्यानं पुरवायचा, ती शिल्लक पाणी मोरीत कशी ओतेल? आणि डेंग्यूचा डास नेमका तिथंच येतो. काळा, अंगावर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा. त्याला गटार लागत नाही, घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून उडता डास व्हायला गरमीत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आमची नळाची पाळी आणि त्याची एक पिढी, दोन्ही बरोबरच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एकाच गल्लीत तीन घरांत डेंग्यू निघाला. गटातल्या एकीची मुलगी पाच दिवस तालुक्याला दाखल होती. पोरगी सुखरूप घरी आली, पण शेळी विकावी लागली आणि गटाचं कर्ज अजून फिटतंय. जाता जाता सांगतो, अशा तापात दुकानातून अंगदुखीची गोळी आणून देऊ नका. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी द्या आणि दवाखाना गाठा.

तर त्या महिन्याच्या बैठकीत मासे सोडायचं ठरलं. कोणते, हा प्रश्न लगेच आला, कारण डासाच्या अळ्या खाणारे म्हणून दोन मासे सांगितले जातात, गप्पी आणि गंबुशिया. आरोग्य खात्याच्या माहितीत गंबुशिया दिवसाला 100 ते 300 अळ्या खातो आणि गप्पी 80 ते 100. आकडा ऐकून सगळ्या म्हणाल्या, मग गंबुशियाच आणू. आम्ही मात्र गप्पीवर आलो, आणि का ते सांगतो.

गंबुशिया मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडे 1928 साली इटलीहून आणलेला. तो भांडखोर आहे. अळ्या खातो तसाच दुसऱ्या माशांची पिल्लं आणि बेडकांची अंडीही खातो. जगात ज्या परक्या जीवांनी सगळ्यांत जास्त नुकसान केलं, त्या शंभरांच्या यादीत त्याचं नाव आहे. आमच्या दोन घरी शेततळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडलेलं असतं. हौदातला मासा पोरांच्या हातून तळ्यात जायला काय वेळ लागतो! शिवाय घाण पाण्यात गप्पी जास्त तग धरतो, म्हणजे गुरांच्या टाक्यालाही तोच चालतो.

गप्पी हे नाव गप्पांवरून आलेलं नाही बरं का. त्रिनिदाद बेटावर गप्पी आडनावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठवले, म्हणून ते नाव. पण गप्पी म्हणून आला तरी तोही परकाच. त्यालाही ओढ्यात, नदीत, तलावात सोडू नका. तिथं आपले गावठी मासे अळ्या खायला आहेत.

आमच्या मुक्ताबाईंनी विचारलं, "हौदाला तर नुसता सिमेंटचा तळ, ना वाळू ना चिखल. मासा जगेल कसा?" प्रश्न चांगला होता. वाळूत किंवा झाडावर अंडी घालणाऱ्या माशाला ते लागतं. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एक वेत. तळ कोरा असला तरी तिचं अडत नाही. अडतं ते पिल्लांचं, कारण आईच त्यांना खाते. म्हणून कौलाचे दोन तुकडे किंवा पाणवनस्पतीची एक जुडी तळाशी टाका, पिल्लं त्यात लपतात. वाळू घालूच नका, तिच्यात घाण साचते आणि हौद घासायला त्रास होतो.

हौद नवा बांधलेला असेल तर थांबा. ताज्या सिमेंटचा क्षार पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. दोन-तीन आठवडे पाणी भरायचं, काढायचं, मग मासे. काढलेलं पाणी धुण्याला वापरा.

दुसरा धोका टीसीएल पावडरचा. ब्लीचिंगनं मासे दगावतात. नळाच्या दिवशी रिकाम्या हौदात ताजं पाणी सोडून त्यावर मासे सोडले, तर संध्याकाळपर्यंत ते उलटे तरंगताना दिसतील. आम्ही आदल्या दिवशी जुन्या ओढणीनं मासे गोळा करतो आणि हौदातल्याच पाण्याच्या बादलीत सावलीला ठेवतो. मग काथ्यानं हौद घासून घेतो. नवं पाणी एक दिवस उघडं राहू दिलं की मासे परत आत. ज्या विहिरीत पंचायत टीसीएल टाकते, तिथं मासे सोडू नयेत. वापरात नसलेली पडीक विहीर असेल तर आरोग्यसेवकांना विचारून सोडा.

घासायचं का, मासे आहेत ना, असं आमच्यात काही जणी म्हणतात. हा डास अंडी पाण्याच्या वर, ओलसर भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडून महिनोन्महिने तशीच राहतात आणि पाणी वर आलं की फुटतात. मासा भिंतीवर चढत नाही, म्हणून काथ्या हवाच.

आता आमच्या माळकरी आजींचं. त्या म्हणाल्या, "माशाचं पाणी देवाला कसं घालू?" त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. देवाचं आणि पिण्याचं पाणी रांजणात असतं. रांजणात, माठात मासा सोडायचाच नाही, तोंडाला फडकं घट्ट बांधायचं. मासे फक्त हौदात, म्हणजे भांडी, धुणं, न्हाणी आणि गुरांच्या पाण्यात. आजींनी एवढंच कबूल करून घेतलं की कढईत कुणी टाकणार नाही. बोटाएवढे सुद्धा नसतात हो, टाकून मिळणार काय!

मासे विकत घेऊ नका. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत गप्पी पैदास केंद्र असतं, तिथं मागा. दुकानातले लांब शेपटीचे रंगीत गप्पी दिसायला छान, पण ते संथ असतात आणि लवकर थकतात. आपल्याला साधे हवेत. नर लहान, अंगावर रंगाचे ठिपके असलेला. मादी मोठी, राखाडी, पोट फुगलेली. एका नरामागे दोन-तीन माद्या घ्या. एक मीटर लांब-रुंद हौदाला पाच ते दहा मासे पुरेत.

भात, पोळीचे तुकडे घालू नका. पाणी नासतं आणि पोट भरलेला मासा अळीकडे बघत नाही. अळ्या संपल्या तर तो भिंतीवरच्या शेवाळावर भागवतो.

आमच्याकडे मृगाच्या आधी एका हौदात मासे वाढवून ठेवतात आणि तिथून घराघरांत वाटतात. न्यायला येताना रुंद तोंडाची बरणी आणा, निम्मी पाण्यानं भरा, निम्मी हवेला राहू द्या. घरी गेल्यावर बरणी अर्धा तास हौदात तरंगत ठेवा, म्हणजे दोन्ही पाण्यांचा गारवा सारखा होतो. मग बरणी आडवी करा, मासे आपणहून बाहेर पडतील.