सर्व्हरचं बिल कोणाच्या कार्डावर?



मी समाजशास्त्रात पीएचडी करते. सर्व्हरबद्दल बोलायला मला का बोलावलं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. एक चूक माझ्या हातून झाली, म्हणून बोलावलं आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी शिष्यवृत्तीच्या तारखा आणि कागदपत्रं सांगणारी एक सेवा सुरू केली. चौघेही आपापल्या घरातले पहिले पदवीधर. एका मोठ्या क्लाउड कंपनीत खातं उघडलं, कारण सुरुवातीचा काळ फुकट होता. आमच्यापैकी कोणाकडेच क्रेडिट कार्ड नव्हतं, म्हणून माझ्या दादाचं लावलं. चाचणीसाठी चालू केलेला एक डेटाबेस बंद करायचा राहून गेला. फुकटची मुदत संपली आणि दादाच्या कार्डावर अकरा हजारांचं बिल आलं. दादा कंत्राटी नोकरीत आहे. तो मला एका शब्दाने बोलला नाही. त्या महिन्याचा किराणा घरी उधारीवर आला, हे मला वहिनीकडून कळलं.

चूक आमचीच होती. पण अशा चुकीची किंमत प्रत्येक घरात सारखी नसते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: स्वस्त सर्व्हर म्हणजे ज्याचं बिल महिना सुरू होण्याआधी सांगता येतं, तो.

भाड्याचे मुख्य प्रकार दोन. एक ठरलेलं भाडं, आपल्या खोलीसारखं. दुसरा मीटर, जितका वापर तितके पैसे. सुरुवात करणाऱ्याला मीटर सोयीचा वाटतो, पण त्या मीटरमध्ये बरंच काही मोजलं जातं: यंत्राचे तास, साठवण, बाहेर जाणारा डेटा. 1 फेब्रुवारी 2024 पासून अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्यालाही तासाला अर्धा सेंट लागतो. महिन्याचे साधारण साडेतीन डॉलर नुसत्या पत्त्याचे. डिजिटलओशनने 2022 मध्ये आणलेलं सर्वांत लहान यंत्र महिना 4 डॉलरचं होतं, पत्त्यासकट. त्यात मेमरी फक्त 512 एमबी, पण दिवसाला काहीशे लोक येणाऱ्या साध्या संकेतस्थळाला तेवढी पुरू शकते. आणि पानं नुसती वाचायचीच असतील, लॉगिन-डेटाबेस काही नसेल, तर गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ती फुकट ठेवता येतात.

मीटर घ्यावाच लागला तर एक लक्षात ठेवा. खर्चाची मर्यादा लावली की सूचनेचा मेल येतो; यंत्र आपोआप थांबेलच असं नाही. आम्ही मर्यादा समजून बसलो होतो, ती फक्त सूचना होती.

ठरलेल्या भाड्यातही प्रश्न विचारा. जाहिरातीतला दर पहिल्या वर्षापुरता आहे का? नूतनीकरणाला किती? तीन वर्षांचे पैसे आधी भरायचे आहेत का? बॅकअपचे वेगळे पैसे आहेत का? डॉलरमधल्या दरावर 18 टक्के जीएसटी धरला का?

आता माझ्या विषयाकडे येते. मोठ्या कंपन्या नवउद्योगांना फुकट क्रेडिट देतात. अ‍ॅमेझॉनच्या ‘अ‍ॅक्टिव्हेट’ योजनेत 2023 मध्ये स्वतःच्या बळावर उभ्या असलेल्यांना 1,000 डॉलरपर्यंतचं क्रेडिट ठेवलेलं होतं. कंपनीने मान्य केलेल्या गुंतवणूकदाराशी किंवा इनक्युबेटरशी जोडलेल्यांना मात्र 1,00,000 डॉलरपर्यंत. म्हणजे शंभरपट फरक, आणि तो ओळखीमुळे पडत होता. सामाजिक भांडवल हा शब्द आपण परीक्षेसाठी पाठ करतो; इथे त्याचा दरच छापलेला होता.

हे ऐकून निराश होऊ नका. आपल्या विद्यापीठात तंत्रज्ञान इनक्युबेटर असेल तर त्याच्या दारात जा, लाजू नका. अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इनक्युबेशन मिशन’चा मार्गही अशाच इनक्युबेटरमधून जातो. त्यात तीन वर्षांत 30 लाखांपर्यंत भांडवलाची तरतूद केलेली होती. क्रेडिट मिळालं तर जरूर घ्या. फक्त ते संपल्यावरचं बिल आजच कागदावर मांडा. ते परवडत नसेल, तर तिथून सामान हलवता येईल असंच काम उभं करा.

शेवटच्या दोन गोष्टी. डोमेन आणि खातं आपल्याच नावावर, आपल्याच मेलवर ठेवा. ओळखीच्या डेव्हलपरच्या नावावर नको, तो कितीही जवळचा असला तरी. आणि गरज नसलेला डेटा साठवू नका. मुलं आम्हाला जातीचे दाखले पाठवायची आणि आम्ही ते ठेवून द्यायचो. एक दिवस विचार केला, हे बाहेर फुटलं तर? हॉस्टेलवर, कामावर जात न सांगता राहणारी कितीतरी मुलं त्यात होती. सगळे दाखले पुसून टाकले. साठवणीचा खर्चही कमी झाला.

आज आमची सेवा ठरलेल्या भाड्याच्या एकाच लहान यंत्रावर चालते. चौघं महिन्याला वर्गणी काढतो. बॅकअप दर रविवारी दुसरीकडे उतरवतो. दादाचे पैसे तीन हप्त्यांत परत केले आणि त्याचं कार्ड खात्यातून काढून टाकलं.

तुमचं काही सुरू असेल तर आज रात्री खातं उघडून बघा: कार्ड कोणाचं आहे, आणि काय काय चालू राहिलं आहे.

जय भीम.