आवाज मधोमध हवा



गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर, म्हणजे गाणाऱ्यांचे बापूराव, १९२१ साली आपल्या नाशिकला जन्मले. त्यांची पहिली तबकडी १९४४ची. १९५५च्या ऑक्टोबरात ते गेले, वय अवघं ३४. स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास. म्हणजे बापूरावांच्या तबकड्यांवरचं सगळं गाणं मोनो, दोन्ही कानांना तंतोतंत एकच. आणि ती पहिली तबकडी निघाली तेव्हा ट्रान्झिस्टरचा शोधच लागायचा होता, तो १९४७चा. मायक्रोफोनपासून तबकडी कापणाऱ्या सुईपर्यंत तो आवाज मोठा केला तो व्हॉल्व्हनीच.

आज मी बोलणार आहे हेडफोनसाठीच्या भारी व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरबद्दल. असा अॅम्प घेताना बापूरावांची एखादी तबकडी जवळ असावी. ती का, ते पुढे सांगतो.

अॅम्प घ्यायला निघालेले लोक व्हॉल्व्हच्या नावांपासून सुरुवात करतात. मी आधी विचारतो, हेडफोन कुठला? सेनहायझरचा एचडी ६५० असेल तर तो ३०० ओहमचा. अशा हेडफोनला ओटीएल, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला अॅम्प छान चालतो. पोलंडच्या फेलिक्स ऑडिओचा युफोरिया त्या जातीचा. अमेरिकेतल्या बॉटलहेडचा क्रॅक नावाचा संच घरी जोडतात, तोही. त्यांत शेवटचा व्हॉल्व्ह ६०८० किंवा त्याच घराण्यातला ६एएस७. हा मुळात गाण्यासाठी घडवलेलाच नाही. वीजपुरवठ्याचं व्होल्टेज स्थिर राखण्यासाठी तो काढला, आणि हेडफोनवाल्यांनी त्याला आपलंसं केलं.

ओटीएलच्या आउटपुटला मात्र स्वतःचे बरेच ओहम असतात. समजा १०० आहेत. मग ३०० ओहमच्या हेडफोनपर्यंत पाऊण हिस्सा व्होल्टेज पोचतं. त्याच अॅम्पला ३२ ओहमचा हेडफोन लावलात तर जेमतेम पाव पोचतं. बाकीचं अॅम्पमध्येच जिरतं. आवाज लवकर फाटतो आणि डग्गा ढिला वाजतो. एचडी ६५०ची आणखी एक गोष्ट आहे. खाली खर्जात, १०० हर्ट्झच्या आसपास, त्याचे ओहम पाचशेच्या घरात जातात. त्यामुळे अशा अॅम्पवर खर्ज जवळजवळ एक डेसिबलने वर येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार भरदार लागते ती यामुळेही; सगळं श्रेय व्हॉल्व्हला देऊ नये.

हेडफोन कमी ओहमचा किंवा प्लेनर जातीचा असेल, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेलाच अॅम्प घ्यावा. वू ऑडिओचा डब्ल्यूए५ हा ३००बी व्हॉल्व्हवर चालणारा अॅम्प त्यातला. पैसे जातात ते बहुतांशी लोखंडात आणि तांब्यात, पण ते वाया जात नाहीत.

आता व्हॉल्व्हच्या जोडीकडे वळू. पुढच्या लहान व्हॉल्व्हच्या काचेत बहुधा दोन ट्रायोड असतात. काही अॅम्पमध्ये एकच काच डाव्या-उजव्या दोन्ही बाजू सांभाळते, काहींत प्रत्येक बाजूला वेगळी. पहिल्या प्रकारात त्या एकाच काचेतले दोन अर्धे एकमेकांशी जुळायला हवेत. दुसऱ्यात दोन व्हॉल्व्ह. मागवताना आपल्याला कुठलं जुळवून हवंय हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर 'मॅच्ड पेअर'ची चिठ्ठी लावलेलं भलतंच काहीतरी हाती येतं.

बापूरावांची तबकडी लागते ती इथे. हेडफोन घाला, डोळे मिटा. आवाज मोनो आहे, तेव्हा तो डोक्यात बरोबर मधोमध उमटला पाहिजे, नाकाच्या रेषेत. डावीकडे ओढला गेला तर हेडफोन उलटा घाला. तरीही आवाज त्याच कानाकडे राहिला तर अॅम्पचा दोष नाही, कान तपासून घ्यावा. बाजू बदलली तर हेडफोन किंवा अॅम्प. मग अॅम्प बंद करून, पुरता गार होऊ देऊन, दोन बाजूंचे व्हॉल्व्ह आपसांत बदला. आवाज पलीकडे सरकला तर जोडी जुळलेली नाही. आणि बटण फिरवताना, विशेषतः अगदी हळू आवाजात, गायक इकडून तिकडे हलत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या पॉटचा; व्हॉल्व्ह बदलून पैसे घालवू नका. स्टीरिओ ध्वनिमुद्रणावर यातलं काहीच नीट कळत नाही, कारण गायकाला कुठे बसवलंय हे तिथे ध्वनिमुद्रकाने ठरवलेलं असतं.

जुने व्हॉल्व्ह घ्यावेत का? जरूर घ्यावेत, पण मोजलेले. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली, आणि १९६४ साली आकाशवाणीसाठी ट्रान्समीटर. त्यांचे 'बेल' छापाचे ईसीसी८३ जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे अजून निघतात, आणि ते पाहिले की मला मनापासून आनंद होतो. पण ईसीसी८२च्या जागी ईसीसी८३ खोचू नका. पिना त्याच, हीटर तोच, तरी एकाची आवाज वाढवण्याची पट सतरा ते वीस, दुसऱ्याची शंभर. ईसीसी८८ तर त्याच नऊ पिनांच्या सॉकेटात बसतो, पण त्याच्या हीटरची जोडणीच निराळी. बसला म्हणजे चालला असं नाही. व्हॉल्व्हवर कंपनीचं नाव पुन्हा छापून विकणारेही पुष्कळ आहेत. म्हणून नाव थोडं कमी प्रसिद्ध असलं तरी चालेल. दोन्ही अर्ध्यांची मापं लिहिलेला कागद हवा.

शेवटचा मुद्दा विजेचा, आणि हा बहुतेक जण विसरतात. यातल्या बहुतेक व्हॉल्व्हचा हीटर ६.३ व्होल्टचा. कित्येक परदेशी अॅम्प २२० व्होल्टवर लावून येतात. आपल्याकडे भिंतीतून २४५ आले, तर हीटरला मिळतात सात व्होल्ट. दहा टक्क्यांच्या वर गेलं की व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होतं, मग तो कितीही महागाचा असो. एका ६०८०चा हीटरच अडीच अँपिअर खातो, त्यामुळे अॅम्पभोवती वाराही खेळता हवा. पुस्तकांच्या कपाटात तो कोंबू नये. व्होल्टेज असं वर जाऊ नये म्हणून मागवण्याआधी घरातलं व्होल्टेज मीटरने दुपारी एकदा आणि रात्री उशिरा एकदा मोजा, तो आकडा विक्रेत्याला कळवा आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरला २४० व्होल्टचा टॅप आहे का ते विचारा. टॅप नसेल तर चांगला स्टॅबिलायझर त्याच खर्चात धरा.