अम्मीचे कान कुठे गेले?

कवी माणसानं कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल बोलावं हे जरा विचित्रच. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीलाच सुटला. पण आमच्या अम्मीचा एक फोटो काढायचा होता आणि त्या एका फोटोपायी मी गुलमंडीवर बसून चार लेन्सची परीक्षा पाहिली. आज तीच हकिगत सांगतो.

गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, लग्नाचा बस्ता असो की ईदची खरेदी, माणूस एकदा तरी गुलमंडीवर येणारच. तिथे एका दुकानाच्या माडीवर माझ्या भाच्याचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो काढतो. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याला चेहऱ्याच्या फोटोंसाठी एक महागडी लेन्स घ्यायची होती. "मामू, आधी भाड्यानं आणून पाहतो," म्हणाला. मी म्हटलं, पाहायचंच आहे तर अम्मीवर पाहा. ऐंशी उलटली तरी तिचा धड फोटो घरात नव्हता. जुन्या कार्डावर चिकटवलेला एक होता, पण त्यात ती कुणीही वाटली असती.

तिच्या पिढीच्या बायका कॅमेऱ्यासमोर बसायला बिचकत, यात नवल नाही. आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो तिथे बाईमाणसानंच काढायचे, म्हणून तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला होता. आमच्या अम्मीसाठी बाईमाणूस नव्हतं, पण नातू होता. नातवापुढे नानीचं काही चालत नाही.

आता लेन्सचं थोडं गणित. पन्नास मिलिमीटर, पंच्याऐंशी मिलिमीटर हे लेन्सचं नाभीय अंतर. त्यापुढे एफ १.८, एफ १.४ असे आकडे असतात. नाभीय अंतराला त्या आकड्यानं भागलं की लेन्सचं तोंड किती रुंद उघडतं ते कळतं. ८५ला १.८ने भागा, ४७ मिलिमीटर येतात. १.४ने भागा, ६१ येतात. आकडा लहान तितकं तोंड मोठं, उजेड जास्त आणि शटर तितकं झटपट. म्हणून तिला फास्ट लेन्स म्हणायचं.

या घाईला इतिहास आहे. १८३९ साली फोटोची कला जगापुढे आली, तेव्हा माणसाला उन्हात कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. १८४० साली व्हिएन्नात जोसेफ पेट्झवाल या गणितज्ञानं चेहऱ्यांसाठी खास भिंग आखलं, सुमारे एफ ३.६चं. आधीच्या भिंगांपेक्षा ते पंधरा-वीस पट उजेड घेई. मध्ये धारदार, कडांना मऊ. चेहरा मध्येच असतो, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

तर एका रविवारी सकाळी अम्मीला दुकानाच्या पायरीवर, छपराच्या सावलीत बसवलं. अंगावर ठेवणीतली हिमरू शाल, कानात लग्नातल्या चांदीच्या बाळ्या. मागे रस्त्यापलीकडे भांड्यांचं दुकान, त्याच्यासमोर फुलांची हातगाडी.

पहिली लेन्स ५० मिलिमीटर, एफ १.८. स्वस्त आणि हलकी. पण खांद्यापर्यंतचा चेहरा चौकटीत भरायला भाच्याला मीटरभराच्या आत यावं लागलं. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. मग ८५च्या दोन लेन्स आल्या, एक १.८, एक १.४. आता दीड मीटरवरून काम भागत होतं, पण तेवढं मागे सरकायला भाचा रस्त्यावर उतरला आणि दोन रिक्षावाल्यांचं बोलणं खाऊन घेतलं.

चौथी लेन्स जुनी रशियन हेलिऑस, ५८ मिलिमीटर, एफ २. अॅडॅप्टर लावून बसवलेली. तिची गंमत अशी की कडेनं येणारा उजेड लेन्सच्या नळीत थोडा कापला जातो. त्यामुळे मागचे उजेडाचे ठिपके मध्यभागी गोल राहतात, कडेला बदामी होतात आणि सगळं मिळून भोवऱ्यासारखं फिरताना दिसतं. हातगाडीवरची झेंडूची फुलं अम्मीभोवती गिरकी घेत होती. मला ते फार आवडलं. भाचा म्हणाला, "मामू, ही शायराची लेन्स आहे. गिऱ्हाईक पैसे देणार नाही."

संध्याकाळी मोठे प्रिंट काढून घरी सतरंजीवर मांडले. रंगात फरक होता. काचेच्या ज्या पृष्ठभागावर लेप नसतो, तो चार टक्क्यांच्या आसपास उजेड परतवतो. तो आत भटकतो आणि चित्र फिकं करतो. झाइस कंपनीत १९३५ साली अलेक्झांडर स्माकुला यांनी यावरचा लेप शोधला आणि तेव्हापासून लेप सुधारतच गेले. नव्या लेन्समध्ये हिमरूचे रंग ठसठशीत आले होते, जुनीत जरा धुवट. रंगाची झाक नंतर संगणकावर सुधारता येते. पण तोंड पूर्ण उघडं असताना चांदीच्या बाळ्यांच्या कडेला जी जांभळी-हिरवी किनार आली होती, ती पुसायला भाच्याला बराच वेळ लागला.

आणि एफ १.४चा तो फोटो! डोळ्यांची पापणी न् पापणी मोजून घ्या. भाचा खूश. अम्मीनं चष्मा लावला, प्रिंट जवळ घेतला.

"हौ, आँखाँ तो बराबर आए. पन मेरे कान कहाँ गए?"

खरंच, कान नव्हते. दीड मीटरवर एफ १.४ला जेमतेम अडीच सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे त्यात बसले, कान मागे राहिले, लग्नातल्या बाळ्याही विरघळल्या. मग ती मागे बोट दाखवत म्हणाली, "और ये फोटू कहाँ का है? पीछे तो खाली धुआँच है."

भाच्याचा चेहरा पडला. त्या धुरासाठीच तर लाखाच्या वर पैसे मोजायचे होते.

सर्वांत शेवटी एक प्रिंट पडला होता. त्याच लेन्सचं तोंड एफ ५.६पर्यंत लहान करून सहज काढलेला. स्पष्ट पट्टा दहा सेंटिमीटरवर गेला होता. डोळे होते, कान होते, बाळ्या होत्या. मागचा बाजार अंधूक होता, पाटीवरची अक्षरं लागत नव्हती, पण दुकान ओळखू येत होतं. अम्मीनं तो उचलला. "ये देख, बर्तन की दुकान. तेरी आपा का जहेज यहींच से लिये थे." तिनं तो प्रिंट परत खाली ठेवलाच नाही.

मी लेन्सला नावं ठेवत नाही. रात्रीच्या निकाहला, मेंदीच्या पिवळ्या दिव्यात एफ १.४ची किंमत कळते. पण तोंड ५.६वर आणलं की स्वस्त आणि महाग लेन्सच्या धारेतला फरक शोधावा लागतो. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ साली काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो तुम्ही पाहिला असेल. तोही १०५ मिलिमीटर, एफ २.५च्या लेन्सचा. आजच्या हिशेबानं ती फार फास्ट नव्हे. भाच्यानं शेवटी ८५ची एफ १.८ घेतली. उरलेल्या पैशांत दिवे आले.

कवितेतही मी वर्षानुवर्षं हेच करत आलो. मागचं सगळं पुसायचं आणि एकच ओळ लखलखीत ठेवायची. त्या संध्याकाळनंतर काही जुन्या कविता काढून पाहिल्या. दोन-तीनमधून गुलमंडीच गायब होती.

अम्मी आता नाही. पलीकडचं भांड्यांचं दुकानही उठलं, तिथे मोबाइलचं आलंय. फोटो बैठकीत आहे. घरी येणारं जुनं माणूस त्याच्यापुढे थांबतं आणि आधी म्हणतं, "अरे, ही तर गुलमंडी!" मग जवळ जाऊन विचारतं, "अम्मीच्या कानात त्याच बाळ्या का रे?"