खेळण्याएवढे चंबू : अथेन्सच्या एका सणाची चित्रे



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते इतिहास शिकविताना फळ्यावर खडूने ग्रीक कुंभ काढीत. जन्मभर मराठी शिकविणारा मी आज त्या कुंभांकडे वळलो, त्याचे मूळ तेथे आहे.

अथेन्समध्ये फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मद्यदेव डायोनिससचा ‘अँथेस्टेरिया’ हा तीन दिवसांचा सण होई. पहिल्या दिवशी नव्या मद्याचे रांजण उघडत. तिसऱ्या दिवशी धान्य शिजवून मृतांसाठी हर्मिसला अर्पण करीत. मधल्या दिवसाचे नाव ‘खोएस’, म्हणजे चंबू. त्या दिवशी प्रत्येकाने सुमारे तीन लिटरांचा आपापला चंबू मुकाट्याने रिता करावयाचा. युरिपिडीस याचे कारण ओरेस्टिसच्या कथेत सांगतो : मातृहत्येचा कलंक असलेला पाहुणा दारी आला; त्याला परत धाडवेना, आणि एका पात्रातून त्याच्यासवे पिववेना. ॲरिस्टोफेनिसच्या ‘अकार्नियन्स’ (इ. स. पू. ४२५) नाटकात तर पिण्याची शर्यतच आहे. ही नाटके वाचून हा सण प्रौढांचा, असेच वाटते.

चंबू मात्र निराळे सांगतात. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले शेकडो चिमुकले चंबू सापडले आहेत. कित्येक वीतभरही उंच नाहीत. पोट फुगीर, तोंड तीन पाकळ्यांचे, कपासारखा एकच कान. काळ्या पार्श्वभूमीवर तांबूस रंगात एक उघडे मूल रांगते आहे. छातीवरून तिरपी गेलेली ताइतांची माळ, लांब दांड्याची ढकलगाडी, एखादे केसाळ कुत्रे, आणि कधी जमिनीवर तसाच एक चंबू. तिसऱ्या वर्षी मुलांना या महिन्यात फुलांचे मुकुट घालीत, असे फिलोस्ट्रॅटस लिहितो. पण तो कित्येक शतकांनंतरचा.

ही चित्रे म्हणजे सणाचे प्रत्यक्ष वर्णन, असे मी वर्गात वर्षानुवर्षे बेधडक सांगितले. व्हॅन हूर्न यांनी १९५१ मध्ये या चंबूंचा मोठा संग्रह ग्रंथरूपाने मांडला होता. माझा आधार तोच. पुढे १९९२ मध्ये रिचर्ड हॅमिल्टन यांनी त्याच नावाचा ग्रंथ लिहून विचारले की, चित्र आणि सण यांचा सांधा आपण गृहीत तर धरीत नाही ना? मला तो ग्रंथ वाचून राग आला, हे कबूल करतो. मग एकेक चित्र पुन्हा पाहिले. देऊळ नाही, पुजारी नाही, क्वचितच एखादा विधी. कुत्र्यामागे धावणारे मूल वर्षातल्या कोणत्याही दिवशी धावेल! माझे विधान मला मागे घ्यावे लागले.

तरीही सांधा पुरता तुटत नाही, असे मला वाटते. यांतले कित्येक चंबू मुलांच्या थडग्यांत सापडले. आणि अथेन्सच्या एका उत्तरकालीन समाधिलेखात असा आशय आहे की, मूल खोएसच्या वयाला आले होते, पण दैवाने तो दिवस येण्याआधीच गाठले. ज्या घराने हा दगड लावला, त्या घराला तो दिवस मुलाच्या आयुष्यातला एक टप्पा वाटत होता, एवढे तरी निश्चित. हातात न पडलेला चंबू आईबापांनी शेजारी ठेविला असेल, हा तर्क अभ्यासकांनी केला आहे. मी तो तर्क म्हणूनच सांगतो. वर चित्र मात्र रांगणाऱ्या मुलाचे, हात पुढे केलेल्या.